मातीचा बांध आणि त्याचा धनी

नंदुरबार तालुक्यातील रनाळे आणि त्याच्या आसपासचा मुलूख कापसाच्या काळ्या जमिनीचा. पाऊस बेभरवशाचा, म्हणून उताराला आडवी पाळ घालून पाणी अडवणे हा शेतकऱ्याचा जुनाच उद्योग. स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या खर्चाने घातलेल्या अशा पाळीला सरकारी दप्तरात सहसा धरण म्हणत नाहीत. पण पाळीमागे पाणी तुंबले की तिच्या खालच्या शेताला आणि वस्तीला धोका असतोच. अशी पाळ फुटली तर जबाबदार कोण, हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे आणि त्याची उत्तरे निरनिराळ्या देशांनी निरनिराळी दिली आहेत.

आधी मातीच्या बांधाचा स्वभाव पाहू. खानदेशात पांझरेवरचे फडांचे बंधारे दगडी बांधणीचे. पूर आला की पाणी त्यांच्या माथ्यावरून वाहून जाते आणि बंधारा जागेवर राहतो. मातीच्या बांधाला हे सोसत नाही. माथ्यावरून पाणी वाहू लागले की मागचा उतार खणला जातो आणि काही तासांतच बांधाला खिंडार पडते. म्हणून पुराचे पाणी बाजूने काढून देणारा सांडवा हा मातीच्या धरणाचा प्राण आहे. सांडव्यात गाळ साचला, झुडपे वाढली किंवा चार मासे अडवण्यासाठी कोणी जाळी लावली, तर धरण दिसायला धडधाकट असूनही निम्मे मेलेलेच असते.

दुसरा धोका पोटातला. मातीच्या बांधातून थोडी झिरप व्हायचीच, आणि ती स्वच्छ असेल तोवर घाबरण्याचे कारण नसते. पाणी गढूळ होऊ लागले की आतली माती वाहू लागली असे समजावे. घुशींची बिळे, वठलेल्या झाडांची कुजलेली मुळे, पाणी सोडण्याच्या नळाभोवती नीट न धुमसलेली माती, या त्या पाण्याच्या नेहमीच्या वाटा. काळ्या मातीचे आणखी एक दुखणे आहे. ती पाणी छान अडवते, पण उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. म्हणून जाणता बांधणारा काळी माती गाभ्यात ठेवतो आणि तिच्यावर मुरुमाचे आवरण चढवतो. नुसत्या काळ्या मातीच्या पाळीवर मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात आणि जूनचे पहिले पाणी नेमके त्यांतच शिरते.

हे सारे डोळ्यांना दिसणारे आहे. ते पाहायचे कोणी, एवढाच प्रश्न उरतो.

विदर्भात याचे एक उत्तर होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्रजी अमलात गावाचा सारा भरणारा मालगुजार या तलावांचा धनी ठरला. म्हणजे अर्थाने हे खाजगी मातीचे बांधच. त्यांच्या देखरेखीची हमी कायद्यापेक्षा भूगोलात अधिक होती, कारण मालगुजाराचे स्वतःचे धान पाळीखालीच पिकत असे आणि त्याचे गावही पाण्याच्या वाटेवरच वसलेले. पाण्याची वाटणी पाहणारा पाणकर पावसाळाभर पाळीवर हिंडत असे. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये: पाळीवर माती टाकण्याचे कष्ट पुष्कळदा कुळांच्या बेगारीचे असत.

१९५० च्या कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. आजही लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. हे मामा म्हणजे माजी मालगुजारी. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. अन्याय्य मालकी गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर पाळीवरची रोजची फेरीही गेली आणि तिची जागा घेणारे दुसरे काही उभे राहिले नाही. अनेक तलाव गाळाने भरले, त्यांच्या पाळी झुडपांनी झाकल्या गेल्या.

धनी पाळीखाली राहत नसेल तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्यासाठी बांधलेले साउथ फोर्कचे मातीचे धरण पुढे खाजगी हातांत गेले. मधल्या एका मालकाने तळाचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. त्यामुळे गरज पडली तरी जलाशय रिता करण्याचा मार्गच उरला नाही. १८७९ मध्ये ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या शिकार व मासेमारी क्लबकडे आले. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक त्याचे सभासद होते. बग्ग्या नीट जाव्यात म्हणून धरणाचा माथा उतरवून रुंद केला गेला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या बसवल्या गेल्या. खोऱ्यातील जॉन्सटाउनच्या पोलाद कंपनीने आपला अभियंता जॉन फुल्टन याला पाहणीस धाडले. त्याने दोष लेखी कळवले. क्लबच्या अध्यक्षांनी धोका नसल्याचे उत्तर पाठवले. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत धरण फुटले आणि २,२०९ माणसे मेली. न्यायालयांनी क्लबला एका पैशाचीही भरपाई द्यायला लावली नाही.

इंग्लंडचा कायदा याबाबत आधीच कडक झाला होता. लँकेशायरमधील गिरणीमालक जॉन रायलंड्स याने आपल्या गिरणीसाठी जलाशय बांधून घेतला आणि त्याचे पाणी जुन्या खाणमार्गांतून शेजारच्या थॉमस फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरले. रायलंड्सचा स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता. तरीही १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यालाच जबाबदार धरले. जो आपल्या जमिनीवर असे धोकादायक काही आणून साठवतो, ते निसटल्यास होणारे नुकसान त्यानेच सोसावे, असा हा न्याय.

हाच न्याय हिंदुस्थानला लागतो का? सहाच वर्षांनी त्याचे उत्तर मिळाले. कार्वेटिनगर (आजच्या आंध्र प्रदेशात) येथील जमीनदाराचे जुने तलाव अतिवृष्टीत फुटले, मद्रास रेल्वेच्या मार्गाचे नुकसान झाले आणि कंपनीने जमीनदारावर दावा लावला. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. या देशात तलाव हे चैनीचे साधन नाहीत, रयतेचे जगणे त्यांवर चालते आणि ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. म्हणून त्याचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तरच तो जबाबदार, असा निर्णयाचा आशय होता. इथल्या शेतीचे वास्तव लंडनच्या न्यायाधीशांना इतके नेमके उमगावे, याचे नवलच वाटते. मात्र या निर्णयाने सगळा भार एकाच गोष्टीवर येऊन पडला: धन्याने देखरेख केली होती की नाही. आणि देखरेखीची नोंदच नसेल तर हलगर्जीपणा सिद्ध करायचा कसा?

ब्रिटनने ती पोकळी १९३० मध्ये भरली. वेल्समधील डोल्गारोग येथे २ नोव्हेंबर १९२५ रोजी वरची काँक्रीटची भिंत पायातून खचली, तिच्या लोंढ्याने खालचे मातीचे धरण फुटले आणि १६ जण मेले. दोन्ही जलाशय एका खाजगी कंपनीसाठी वापरले जात. १९३० च्या कायद्याने ५० लाख गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वादोन कोटी लिटरपेक्षा अधिक पाणी साठवणाऱ्या जलाशयाची पात्र अभियंत्याकडून दर दहा वर्षांच्या आत तपासणी बंधनकारक झाली. धनी कोण, याने फरक पडत नव्हता.

महाराष्ट्राने आपले धडे सरकारी धरणांकडून घेतले. १२ जुलै १९६१ रोजी अपुरे असतानाच पाणी भरलेले पानशेत फुटले. आदल्या दिवशी बांध खचताना दिसत होता, जवान वाळूची पोती रचत होते, पण पुणेकरांपर्यंत वेळेवर इशारा पोहोचला नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडीत वीसहून अधिक बळी गेले. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि महिनाभर त्याची थट्टा झाली. प्राण्यांची बिळे मातीच्या बांधाला घातक असतात, यात खोटे काहीच नाही. परंतु बिळे दिसण्यासाठी कोणीतरी पाळीवरून चालावे लागते, ही त्या थट्टेत हरवलेली गोष्ट.

धरण सुरक्षा अधिनियम २०२१ ने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणीची सक्ती धरणमालकांवर केली. मालकाच्या व्याख्येत कंपन्या आणि इतर खाजगी धारकही येतात. पण कायदा लागू होतो तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, किंवा १० ते १५ मीटर उंचीच्या अशा धरणांना की ज्यांची लांबी निदान ५०० मीटर किंवा साठा निदान १० लाख घनमीटर आहे, अथवा पुराचा विसर्ग, पाया व रचना यांबाबतच्या अटी जे पुऱ्या करतात. १० लाख घनमीटर म्हणजे १०० कोटी लिटर, ब्रिटनच्या १९३० च्या मर्यादेच्या चाळीसपटीहून अधिक.

रनाळ्यासारख्या गावातील सहा-सात मीटरची खाजगी पाळ या चौकटीत बसत नाही. तिच्यावर सांडवा मोकळा करणे, बिळे बुजवणे, भेगा भरणे आणि पायथ्याच्या झिरपीचा रंग पाहणे ही कामे मे आणि जूनमध्ये धन्याची. नंदुरबारकडची पुष्कळ माणसे मजुरी-धंद्यासाठी सुरतेला जातात. धनीही गेला असेल तर पाळीवर फिरणारा बहुधा उरतो तो खालच्या शेताचा शेजारी. पाळीच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते.