नव्या नाकाची पारख

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ या मासिकात एक पत्र व त्यासोबत एक चित्र प्रसिद्ध झाले. चित्र होते एका मराठी माणसाचे, आणि पत्राखाली लिहिणाराची केवळ दोन आद्याक्षरे होती. हिंदुस्थानातील नबाब, हत्ती आणि हिरे यांच्या हकीकती त्या काळच्या इंग्रज वाचकाला नवलाच्या उरल्या नव्हत्या. ही हकीकत मात्र निराळ्याच जातीची होती. नाक कापल्या गेलेल्या माणसाला पुण्याजवळच्या एका कारागिराने नवे नाक करून दिले होते, आणि ही क्रिया कशी करितात ते मुंबई इलाख्याच्या क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

ज्याचे नाक गेले त्याचे नाव पत्रात कावसजी असे दिले आहे. नाव पारशी वळणाचे असले तरी पत्र त्याला शेती करणाऱ्या जातीचा मराठा म्हणते. इंग्रजाने कानांनी ऐकून लिहिलेल्या नावावर फारसा भरवसा ठेवू नये हे खरे. टिपू सुलतानाबरोबरच्या १७९२ च्या लढाईत हा इसम इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. तो शत्रूच्या हाती सापडला आणि टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात तोडून त्याला सोडून दिले. पुढे श्रीरंगपट्टणाजवळ तो मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला व कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिले. हात गेला तर माणसाचे काम जाते. नाक गेले तर आपल्या समाजात त्याची अब्रू जाते. व्यभिचारी, चोर, फितूर यांची नाके कापण्याची चाल या देशात जुनी, आणि त्यामुळे रणात पकडलेला निरपराध गाडीवानही बाजारात उभा राहिला की पाहणारास गुन्हेगारच वाटावयाचा. एक वर्षाहून अधिक काळ कावसजीने तसाच काढला, आणि मग तो त्या विटा पाडणाऱ्या कारागिराकडे गेला.

त्या कारागिराची रीत पत्रात मोठ्या बारकाईने दिली आहे. प्रथम मेणाचे पातळ पान करून ते तुटक्या नाकावर बसवावयाचे व त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यावयाचा. मग तेच पान सपाट करून कपाळावर ठेवावयाचे व त्याच्या कडेने रेघ मारावयाची. रेघेच्या आतले कातडे सोडवून घ्यावयाचे. परंतु दोन्ही भुवयांच्या मध्ये त्याचा एक अरुंद दांडा तसाच जोडलेला राखावयाचा. सारी मेख या दांड्यात आहे. नव्या जागी कातडे रुजेपर्यंत त्याला रक्त मिळते ते या वाटेने. नंतर जुन्या जखमेचा वण खरवडून ताजा करावयाचा, कपाळाचे कातडे अर्धा वळसा देऊन खाली आणावयाचे, आणि त्याची कड खाचेत बसवावयाची. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवावयाच्या; चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवावयाची. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ चिंध्या घालावयाच्या व पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो दांडा कापून टाकावयाचा. कात आणि तूप! कोणत्याही मराठी घरात सापडणारे हे पदार्थ लंडनच्या वाचकाला परदेशी औषधांसारखे वाटले असतील.

या क्रियेचे मूळ सुश्रुतसंहितेत आहे असे सांगण्याचा प्रघात आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. परंतु सुश्रुताने कातडे घेतले ते गालाचे, आणि मापाला मेणाऐवजी झाडाचे पान घेतले. गालावरून कपाळावर ही विद्या केव्हा व कोणाच्या हातून आली, ते ग्रंथांत लिहिलेले नाही; ती हातोहात चालत आली. सुश्रुताची दुसरी एक गोष्ट येथे अधिक लागू पडते. वैद्याची पारख कशाने करावी याविषयी त्याचे मत स्पष्ट आहे. नुसते शास्त्र पढलेला आणि नुसता हात बसलेला, हे दोघेही त्याच्या मते एका पंखाच्या पाखरासारखे आहेत. शिष्याने माणसाच्या अंगाला शस्त्र लावण्यापूर्वी भोपळा, काकडी यांवर हात बसवावा असेही तो सांगतो. पुण्याच्या त्या कारागिराला शास्त्राचा पंख कितपत होता कोण जाणे. त्याच्या हाताविषयी मात्र शंका घेण्यास जागा नव्हती, कारण त्याने केलेले नाक डोळ्यांसमोर होते.

आता त्या चित्राकडे वळावे. ते रंगविले जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. त्या वेळी पुण्यात रेसिडेंट असलेल्या चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने तो पेशव्यांच्या दरबारात वावरत असे. सवाई माधवराव व नाना फडणीस यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्धच आहेत. पेशव्यांचे चित्र काढणारा हात एका बैल हाकणाराचे चित्र काढावयास बसला, एवढ्यावरूनच त्या नाकाचे महत्त्व इंग्रजांना किती वाटले ते ध्यानात येते. मात्र या चित्राची खरी किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. ते जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे नाक बसविल्यानंतर दहा महिन्यांनी काढले, हे पत्रात मुद्दाम नमूद केले आहे. शिवाय कपाळावरचा वण चित्रकाराने झाकून टाकला नाही. नवे नाक कोठून आले आणि तेथे मागे काय राहिले, दोन्ही एकाच चित्रात दिसतात.

शस्त्रक्रियेच्या पुराव्यात काय असावे, याचा जवळजवळ अर्धा धडा या चित्रात आहे. उरलेला अर्धा त्यात नाही. चित्र एकाच माणसाचे आहे. ही क्रिया बहुधा यशस्वी होते असे पत्र सांगते. पण किती जणांवर केली, किती जणांचे कातडे सडले, किती जण पुन्हा आले, याचा हिशेब कोठेही नाही. आणि दहा महिने हा काळ पुष्कळ असला तरी पुरेसा होता काय, हा प्रश्न राहतोच.

लंडनमध्ये त्या पत्राने एका माणसाला झोप लागू दिली नाही. जोसेफ कार्प्यू हा चेल्सीच्या यॉर्क हॉस्पिटलचा सर्जन होता. त्याने पत्र वाचले, हिंदुस्थानातून परतलेल्या लोकांकडे चौकशी केली, प्रेतांवर ती क्रिया करून पाहिली. पण जिवंत माणसावर हात घालण्यास योग्य रोगी मिळेपर्यंत वीस वर्षे जाऊ दिली. या वीस वर्षांबद्दल त्याला भित्रा म्हणावे की शहाणा म्हणावे? शहाणा म्हणणेच न्यायाचे होईल. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका लष्करी अधिकाऱ्याला कपाळाच्या कातड्याचे नाक केले. यकृताच्या दुखण्यावर दिलेल्या पाऱ्याने त्या अधिकाऱ्याचे नाक झडले होते. म्हणजे एका वैद्याने नेलेले दुसऱ्याने परत आणावयाचे होते. गुंगीचे औषध तेव्हा नव्हते. ईथरचा जाहीर प्रयोग झाला तो १८४६ साली, आणि कार्प्यू त्याच वर्षी त्याच्या आधी वारला. दुसरा रोगी होता लेथॅम नावाचा शिपाईगडी. १८११ साली स्पेनमधील आल्बुएराच्या लढाईत निशाण वाचविताना त्याचा चेहरा कापला गेला व एक हात गेला. कार्प्यूने १८१६ साली दोन्ही रोग्यांची हकीकत चित्रांसह पुस्तकरूपाने छापली. दोनच रोगी होते आणि त्याने दोनच सांगितले. या प्रामाणिकपणामुळे ते पुस्तक टिकले. १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफे याने या विद्येवर ग्रंथ लिहिला आणि ‘ऱ्हायनोप्लास्टी’ हे नाव रूढ झाले. पुण्याच्या कारागिराचे काम असे ग्रीक नाव घेऊन युरोपभर फिरू लागले.

फिरू लागल्यावर त्याचे दोषही दिसू लागले. कपाळाच्या कातड्याचे नाक बाहेरून उत्तम दिसे. परंतु त्याला आतून अस्तर नव्हते. उघड्या जखमेची आतली बाजू भरून येताना आवळत जाते, आणि महिन्यामहिन्याने नाक आक्रसून नाकपुड्या बारीक होत जातात. त्या कारागिराच्या चिंध्या याच भयापोटी होत्या. ज्याने पाचव्या दिवशी नाक पाहून वाहवा केली त्याने काहीच पाहिले नाही. पाहावयाचे ते वर्षाने. या दोषावर उपाय काढला तो पुन्हा हिंदुस्थानातच, आणि तोही होळकरांच्या इंदुरात. तेथील रेसिडेन्सी सर्जन कीगन याने नाकाच्या वरच्या भागाचे कातडे उलटे खाली मुडपून नव्या नाकाला अस्तर दिले, आणि १९०० साली आपली रीत पुस्तकात मांडली. संख्येचा प्रश्न सोडविला काठेवाडात. जुनागडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ साली शंभर रोग्यांची हकीकत छापली. एका नाकाचे चित्र आणि शंभर नाकांची नोंद यांतला फरक व्यापारी घरांतील मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही.

कपाळाच्या कातड्याची आणखी एक खोड होती. ज्याचे कपाळ अरुंद, त्याच्या कातड्याबरोबर डोक्याचे काही केस नाकावर येत आणि तेथेच वाढत राहत. जागा बदलली तरी कातडे आपला स्वभाव सोडीत नाही. नाकाच्या बाबतीत जी अडचण होती तीच पुढे टक्कलाच्या बाबतीत विद्या ठरली. जपानच्या ओकुदा या त्वचावैद्याने १९३९ साली केसांसह कातड्याच्या बारीक गोल चकत्या काढून केस गेलेल्या जागी लावल्याचे प्रसिद्ध केले. महायुद्धाच्या धामधुमीत पश्चिमेकडे त्याची वार्ता गेली नाही. न्यूयॉर्कच्या ओरेंट्राइक याने १९५२ साली पुरुषांच्या टक्कलावर तशीच क्रिया केली आणि १९५९ साली तिचे तत्त्व मांडले: डोक्याच्या मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच टिकतात.

तत्त्व खरे होते, पण कावसजीच्या नाकासारखेच येथेही काळाने उत्तर दिले. सुमारे चार मिलिमीटरच्या त्या चकत्या पहिल्या काही वर्षांत झाकून जात. पुढे आजूबाजूचे मूळचे केस गळत गेले, आणि लावलेले झुबके बाहुलीच्या डोक्यावरच्या केसांसारखे उघडे पडले. १९९० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली एक ते चार केसांचे नैसर्गिक झुबके वेगळे करून लावू लागले, तेव्हा कोठे हा दोष हटला. आजही लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुधा गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा उगवू लागतात, आणि खरे रूप दिसावयास वर्ष लागते. म्हणून चौथ्या महिन्यातले चित्र दाखवून हसणाराकडे वर्षानंतरचे मागावे. तेही एकाच उजेडात, केस ओले करून, कपाळाची रेघ उघडी ठेवून काढलेले असावे. आणि डोक्याच्या मागचे चित्रही मागावे, कारण केस आले ते तेथून. मागचा साठा मोजका असतो. कपाळाचे कातडे जसे पुन्हा नवे मिळत नाही, तसा उपसलेला केसही मागे पुन्हा उगवत नाही. वेल्सने कपाळाचा वण दाखविला होता. गुळगुळीत जाहिरातींत मागचे डोके सहसा नसते.

राहिला प्रश्न हाताचा. १७९४ च्या त्या पत्रात कावसजीचे नाव आहे, पाहणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने मेणाचे पान कापले, कातडे सोडविले आणि कात लावला, त्याची मात्र फक्त जात लिहिली आहे. नाव विचारावे असे कोणाला वाटले नाही. आज नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात, पण अनेक ठिकाणी पाटीवरचा डॉक्टर रेघ आखून निघून जातो आणि केस काढण्याचे व लावण्याचे काम दुसरेच हात करितात. २०२२ साली भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच केशरोपण करावे, अशा सूचना काढल्या त्या याच कारणाने. पुण्याच्या कारागिराकडे पाटी नव्हती आणि पदवीही नव्हती. पण कावसजी ज्याच्याकडे गेला, सुरी त्याच्याच हातात होती.