मोठ्या शिकारीची बंदूक

हत्तीचें मस्तक समोरून पाहणाऱ्यास त्याचा मेंदू कपाळाच्या लगेच मागें असेल असें वाटतें. वास्तविक तें प्रचंड कपाळ म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें पोकळ कप्प्यांनीं भरलेलें हाड होय. मेंदू त्याच्या पुष्कळ मागें, दोन्ही कानांच्या मध्यें, लहानशा जागेंत दडलेला असतो. चालून येणाऱ्या हत्तीपुढें उभ्या राहिलेल्या शिकाऱ्याचें जीवित, गोळी तेथवर पोंचते कीं नाहीं, एवढ्या एकाच गोष्टीवर अवलंबून असे.

एकोणिसाव्या शतकांत काळ्या दारूची सद्दी होती. ही दारू कितीही ठांसली तरी गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नसे. वेग वाढत नाहीं, तर वजन वाढवावें, हाच उपाय उरला. त्या काळीं नळीचें माप सांगण्याची रीतहि गोळीच्या वजनावरून पडली होती. एका रत्तल शिशांतून जितक्या गोळ्या पडतील, तितक्या ‘बोअर’ची ती बंदूक. अर्थात् आंकडा जितका लहान तितकी बंदूक मोठी! आठ बोअरच्या गोळीचें वजन दोन औंस, तर चार बोअरच्या गोळीचें पाव रत्तल. लंकेंत व आफ्रिकेंत नांवाजलेला सर सॅम्युएल बेकर याच्यापाशीं तर अर्ध्या रत्तलाचा गोळा उडविणारें एक हत्यार होतें. त्याचें लाडकें नांव ‘बेबी’. बेकरचे अरब नोकर मात्र त्याला ‘तोफेचें पोर’ म्हणत, आणि तेंच नांव अधिक खरें होतें. बेकर अंगापिंडानें धिप्पाड. तरीहि बार होतांच तो गर्रकन् फिरे. पुढें पुढें तें हत्यार उचलण्याचीच त्याला धास्ती वाटूं लागली.

फ्रेडरिक सेलूस १८७१ सालीं दक्षिण आफ्रिकेंत उतरला, तेव्हां तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. आरंभींचे हत्ती त्यानें चार बोअरच्या ठासणीच्या बंदुकींनीं मारले. त्या बंदुकींच्या धक्क्यांनीं आपल्या मज्जातंतूंवर व नेमबाजीवर कायमचा परिणाम झाला, अशी खंत त्यानें पुढें नमूद करून ठेवली आहे. ज्या हत्यारानें समोरचें जनावर खचावयाचें, तें आधीं खांद्यालाच खचवी. शिवाय धुराचा असा पडदा उभा राही कीं जनावर पडलें कीं अंगावर येत आहे, हेंहि क्षणभर कळेनासें होई.

हा पडदा दूर केला तो रसायनशास्त्रज्ञांनीं. १८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएइ यानें बिनधुराची दारू सिद्ध केली; १८८९ मध्यें इंग्लंडांत एबल व ड्युअर यांनीं कॉर्डाइट काढलें. १८९८ सालीं लंडनच्या जॉन रिग्बी यांच्या कारखान्यानें ०.४५० इंच नळीची दुनळी रायफल बाजारांत आणली. तिची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे एका औंसाहून थोडीशीच जड. परंतु वेग सेकंदास सुमारें २१५० फूट. गोळीला कठीण धातूचें पूर्ण वेष्टण असल्यानें हाडावर आदळून ती चपटी होत नसे. वाघासाठीं मात्र अग्र उघडें असलेली, शरीरांत शिरतांच फुलणारी गोळी हवी. नाहींतर ती आरपार निघून जाई व जखमी वाघ झाडींत नाहींसा होई. म्हणजे बंदूक एक असली तरी काडतूस जनावर पाहून निवडावें लागे.

हिंदुस्थानांतील उन्हाळ्यानें आणखी एक प्रश्न उभा केला. कॉर्डाइट तापलें कीं त्याचा दाब वाढे आणि रिकामें काडतूस नळींत अडकून बसे. म्हणून दुनळीचीं काडतुसें मुद्दाम मोठीं, कमी दाबाचीं व बुडाशीं कांठ असलेलीं ठेवीत.

मग १९०७ सालीं सरकारनें ०.४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली. लष्करी मार्टिनी-हेन्रीची गोळी याच मापाची. शिकारीच्या काडतुसांतून काढलेल्या गोळ्या बंडखोरांच्या हातीं जातील, ही सरकारची भीति. लंडनच्या कारागिरांनीं ०.४६५, ०.४७० अशीं मापें पुढें करून ही अडचण पार पाडली. बंडाच्या धसक्यानें शिकाऱ्याची निवड बदलावी, हा योग चमत्कारिक खरा.

एवढ्यांत डब्ल्यू. डी. एम्. बेल या स्कॉट शिकाऱ्यानें सर्वांचा हिशेबच उलटा केला. आयुष्यांत त्यानें हजारांवर हत्ती मारले, आणि त्यांतले बहुतेक ०.२७५ इंच नळीच्या हलक्या रायफलीनें! त्याची गोळी १७३ ग्रेनची, बारीक परंतु लांब, पूर्ण वेष्टणाची. ती सरळ रेषेंत खोल जाई. हत्तीची कवटी करवतीनें उभी कापून मेंदूची जागा त्यानें डोळ्यांनीं पाहून ठेवली होती. ही तपश्चर्या न करतां नुसती त्याची बंदूक उचलणें म्हणजे आत्मघातच. आफ्रिकेंतील अनेक प्रदेशांनीं पुढें अशा शिकारीसाठीं ०.३७५ इंचांहून लहान नळीस मनाई केली, ती उगीच नव्हे.

हिंदुस्थानांत हा वाद जिम कॉर्बेटच्या हातांत येऊन पोंचतो. १९०७ सालीं ४३६ माणसें खाल्लेल्या चंपावतच्या वाघिणीवर तो ०.५०० मापाची दुनळी घेऊन गेला; बरोबर काडतुसें अवघीं तीन. तीं संपलीं तरी जखमी वाघीण उभीच होती. त्यानें धांवत जाऊन तहसीलदाराची बंदूक हिसकावून आणली. तिची गोळी उघड्या जबड्याऐवजीं पंजास लागली. परंतु आधींच्या जखमांनीं वाघिणीचा प्राण गेलाच होता. या कामगिरीबद्दल त्याला भेट मिळाली ती रिग्बीची ०.२७५ ची हलकी रायफल.

११ एप्रिल १९३० रोजीं चौगढच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर असतां त्याच्या डाव्या हातांत रातवा पक्ष्याचीं दोन अंडीं होतीं. एका खडकाला वळसा घालून त्यानें मागें पाहिलें, तों आठ फुटांवर ती दबा धरून बसलेली. झटका दिला असता तर तिनें उडी घेतली असती. उजव्या हातानें त्यानें ती हलकी रायफल तीन चतुर्थांश वर्तुळांतून सावकाश, अगदीं सावकाश फिरविली व चाप ओढला. दुनळी जड रायफल असती तर एका हातानें ती तशी फिरलीच नसती. वाघीण जागच्या जागीं मान टाकून पडली. हातांतलीं अंडीं शाबूत होतीं, आणि तीं त्यानें परत नेऊन घरट्यांत ठेवलीं.