इंग्रजी शब्दकोड्यांतील आपले शब्द

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकाचे नाव रोमन लिपीत लिहिले की एक गंमत दिसते. भक्ती हा शब्द बी, एच, ए, के, टी, आय असा सहा अक्षरांचा होतो. शक्ती हाही सहा अक्षरांचाच होतो आणि त्यात फक्त पहिले अक्षर बदलते. बी जाऊन एस येतो, उरलेली पाच अक्षरे जागच्या जागी राहतात. शिवाजी महाराज आणि संत तुकाराम यांच्या भेटीचे शिल्प येथील उद्यानात आहे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाला निगडीवरूनच जाते. या चौकाच्या नावातील दोन्ही शब्द आज इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांतही आढळतात. पहिली जागा रिकामी ठेवून पुढे एच, ए, के, टी, आय दिलेल्या सहा घरांच्या कोड्याला त्यामुळे दोन उत्तरे संभवतात.

ठरावीक लांबीचा आणि ठरावीक अक्षरे असलेला इंग्रजी शब्द शोधणे हा शब्दकोड्यांचा पाया आहे. पहिले आधुनिक शब्दकोडे आर्थर विन यांनी तयार केले आणि ते २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात छापून आले. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते हे ठरवले. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ई हे अक्षर १२ वेळा, एच दोनदा, तर जे आणि के प्रत्येकी एकदाच येतात. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये लोकांसाठी खुला केलेला वर्डल हा पाच अक्षरी शब्दांचा खेळ घरोघरी पोहोचला आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला.

अक्षरे मोजण्याची दोन मापे

मराठी वाचक येथे अडखळतो, कारण त्याचे माप वेगळे असते. मराठी शब्दकोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा आणि जोडाक्षरासह, बसते. त्यामुळे ‘भक्ती’ला दोनच घरे पुरतात. व्याकरणानुसार वर्ण मोजले तर भ्, अ, क्, त्, ई असे पाच होतात. इंग्रजीत मात्र घरे सहा लागतात, कारण भ् या एका व्यंजनासाठी तेथे बी आणि एच ही दोन अक्षरे खर्च होतात. ख, घ, ध, भ यांसारख्या महाप्राण वर्णांसाठी रोमन लिपीत स्वतंत्र चिन्ह नाही. अल्पप्राण अक्षरापुढे एच जोडून ते काम भागवले जाते.

एच हीच खूण

या अडचणीतच कोडे सोडवणाऱ्याची सोय दडलेली आहे. शब्दाच्या आरंभी बी, डी किंवा के यांच्या पाठोपाठ एच येणे हे अस्सल इंग्रजीचे वळण नाही. अशी जोडी दिसली की शब्द बाहेरून आलेला आहे, आणि बहुतेक वेळा तो भारतातून किंवा भारतमार्गे आलेला आहे, असे समजण्यास हरकत नसते.

बी-एचने सुरू होणाऱ्या पाच अक्षरी शब्दांत भांग आणि भाजी आहेत. डी-एचने सुरू होणारे धोबी आणि धोती हेही पाच अक्षरीच आहेत. के-एच-ए ही पहिली तीन अक्षरे आणि शेवटी आय दिला असेल, तर मधल्या घरात के घालून खाकी होते आणि डी घालून खादी. एक गणवेशाचा रंग, तर दुसरे स्वदेशीचे वस्त्र. सहा अक्षरी शब्दांत डी-एच-ए-आर नंतर एक घर रिकामे आणि शेवटी ए असेल, तर एम घालून धर्म आणि एन घालून धरणे मिळते. मागणी मान्य होईपर्यंत दाराशी ठाण मांडून बसण्याची आपली रीत इंग्रजीने नावासकट उचलली आहे. व्याकरणातील ‘संधी’ ही संज्ञाही सहा अक्षरांनिशी जगभरच्या भाषाशास्त्रात रूढ आहे.

अशीच दुसरी खूण शब्दाच्या शेवटी येणाऱ्या जे या अक्षराची. इंग्रजी शब्द सहसा जेने संपत नाहीत. राज, ताज आणि स्वराज हे असे संपणारे शब्द पूर्वेकडून गेले. ‘स्वराज’ला सहा अक्षरे लागतात आणि स्क्रॅबलमध्ये त्याचे मूळ गुण १६ होतात. त्यांपैकी आठ एकट्या जेचे असतात.

जेथे फसगत होते

हा नियम डोळे झाकून वापरता येत नाही. शब्दाच्या मध्यभागी आलेला एच बहुधा फसवा असतो. तिरस्कार करणे या अर्थाचा अभॉर आणि चिकटून राहणे या अर्थाचा अ‍ॅडहिअर हे शब्द लॅटिनमधून आले. त्यांतील बी किंवा डी उपसर्गाचा असून एच मूळ धातूचा आहे. जी-एचच्या जोडीत घाट आणि तूप या अर्थाचा घी आपले आहेत. घोस्ट मात्र जुना इंग्रजी शब्द असून त्यातील एच छपाईच्या आरंभकाळात शिरला. अरबी समुद्रात चालणाऱ्या धाऊ गलबताचे इंग्रजी नावही अरबीतून आलेले मानले जाते.

उलटपक्षी, एचची खूण नसलेला शब्दही आपला असू शकतो. मुंगसाचे आठ अक्षरी इंग्रजी नाव मराठीतील ‘मुंगूस’वरूनच पडले आहे. त्याचा शेवट हंसाच्या इंग्रजी नावासारखा दिसत असला तरी हंसाशी त्याचा संबंध नाही, म्हणून त्याचे अनेकवचनही हंसासारखे होत नाही.

लिपी एक असली तरी वाचन एक नसते. डी, एच, ओ, एल, ई ही पाच अक्षरे पुण्यातील ढोले पाटील रस्त्याच्या पाटीवर वाचताना मराठी माणूस ‘ढोले’ म्हणतो. इंग्रजी कोशात तीच पाच अक्षरे रानकुत्र्याचे, म्हणजे आपल्या कोळसुंद्याचे, नाव ठरतात आणि उच्चार ‘ढोल’च्या जवळ जातो. ढ आणि ध, ट आणि त यांतील भेद या लिपीत पुसला जातो. एच गाळला तर महाप्राणही जातो. निगडीहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या खडकीच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, किर्कीमध्ये, एच नव्हता. आजच्या स्पेलिंगमध्ये तो आहे. गावाच्या नावाला जे लागू, तेच माणसाच्या नावालाही. शाळेच्या दाखल्यावर एचसह आणि बँकेच्या पुस्तकात एचविना लिहिलेले आडनाव ऐकायला एकच वाटते, पण कागदोपत्री ती दोन नावे होतात.

खेळताना काय पाहावे

विशेषनामे स्क्रॅबलमध्ये चालत नाहीत. शक्ती हा शब्द काही कोशांत देवीचे नाव म्हणून पहिले अक्षर मोठे ठेवून छापलेला असतो, तर काहींत सामान्यनाम म्हणून येतो. म्हणून स्पर्धेत कोणता कोश प्रमाण मानला आहे हे आधी पाहावे. एकाच शब्दाची दोन स्पेलिंग कोशात असतील, तर कोड्यातील घरांची संख्याच निर्णय देते.

भारतीय शब्दांचा हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी केलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाच असे शेकडो शब्द इंग्रजीत वावरत होते. तरीही मराठी माध्यमात शिकलेली मुले धोती किंवा धरणे हे उत्तर सुचले तरी लिहीत नाहीत, कारण ‘हा तर आपला शब्द’ असे त्यांना वाटते. तो आपला आहेच, आणि इंग्रजीचाही झाला आहे. पुढच्या वेळी बी किंवा डीपाठोपाठ एच दिसला, तर इंग्रजी कोश उघडण्याआधी आपल्या घरातले शब्द आठवून पाहावेत.