समप्रमाण पाठ : आंतरशासकीय संघटनांच्या भाषाव्यवहाराचा इतिहास

राष्ट्राराष्ट्रांच्या संघटनांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा तह, मतदाने व नकाराधिकार यांची चर्चा विस्ताराने होते. ज्या भाषांतून हा सारा व्यवहार चालतो त्यांचा उल्लेख बहुधा एखाद्या तळटीपेत उरकला जातो. वस्तुतः सरकारांनी स्थापिलेली संघटना ही मुख्यत्वेकरून शब्दांवर एकमत घडवून आणणारी यंत्रणा होय. तिची स्वतःची प्रजा नसते, कर वसूल करण्याची सत्ता नसते. तिच्या हाती असतो तो मान्य झालेला मजकूर. मग तो मजकूर कोणत्या भाषेत मान्य झाला, आणि तो अनेक भाषांत असून त्या सर्व समान प्रमाण मानल्या गेल्या असतील तर त्यांच्यात भेद आढळल्यास काय करावयाचे, हा प्रश्न गौण राहत नाही. प्रसंगी भूमीचा आणि मनुष्याच्या प्राणाचा निर्णय त्यावर अवलंबून राहिलेला आहे.

या संघटनांपैकी अगदी सुरुवातीच्या एका संघटनेपुढेच भाषेचा प्रश्न उभा राहिला होता. १७ मे १८६५ रोजी पॅरिस येथे वीस युरोपीय राज्यांनी आंतरराष्ट्रीय तारकरार केला. तारेचा आकार पुढे शब्दांवर होऊ लागला आणि 'शब्द' म्हणजे काय, हा वैयाकरणांना आजवर पुरता न सुटलेला प्रश्न तारखात्याच्या कारकुनापुढे येऊन पडला. पैसे वाचविण्यासाठी व्यापारी सांकेतिक शब्द वापरू लागले. १९०३ च्या लंडन येथील परिषदेने कृत्रिम शब्दांना मुभा दिली. मात्र शब्द दहा अक्षरांहून मोठा नसावा आणि जर्मन, इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, डच, इटालियन, पोर्तुगीज किंवा लॅटिन यांपैकी एखाद्या भाषेच्या रीतीप्रमाणे तो उच्चारता यावा, अशी अट घातली. कोणता वर्णसमूह कोणत्या भाषेत उच्चारक्षम आहे हे ठरविण्याचे काम अशा रीतीने पदवीधर ध्वनिशास्त्रज्ञाऐवजी खिडकीमागील कारकुनाकडे गेले, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. तथापि त्या यादीतील दुसरी बाब अधिक लक्षणीय आहे. कोणाचीही मातृभाषा नसलेली लॅटिन तीत होती. आशियातील एकही भाषा नव्हती. हिंदुस्थान सरकार तर १८६९ पासून या संघटनेचे सदस्य होते.

९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे बावीस राज्यांच्या करारातून जी टपालसंघटना निघाली, तिने फ्रेंच ही एकच अधिकृत भाषा ठेवली. आजही ती तशीच आहे. इंग्रजीला तेथे कार्यभाषेचे स्थान मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले. एका भाषेची ही व्यवस्था अन्यायाची असेल, परंतु ती स्पष्ट होती. मजकूर एकच असल्यामुळे दोन पाठांत विसंगती निघण्याचा संभव नव्हता.

ही स्पष्टता १९१९ मध्ये संपली. व्हर्सायच्या तहाचे फ्रेंच व इंग्रजी असे दोन्ही पाठ प्रमाण मानले गेले. दोन शतके युरोपीय राजनीतीवर चाललेली फ्रेंचची सत्ता अशा रीतीने एका समारोपाच्या कलमात विभागली गेली. याला कारणही तसेच होते. अध्यक्ष विल्सन व लॉइड जॉर्ज यांना फ्रेंचमधून वाटाघाटी करणे शक्य नव्हते, आणि क्लेमांसो यांना मात्र इंग्रजी चांगले येत होते. चौघा प्रमुखांच्या बैठकीत पॉल मांतू हे दुभाषी असत. त्या काळचा दुभाषी वक्त्याचे भाषण संपेपर्यंत टिपणे घेई आणि मग उभा राहून ते संपूर्ण भाषण दुसऱ्या भाषेत करी. सभेचा वेळ दुप्पट होई; परंतु मुत्सद्द्यांना त्याची खंत नव्हती, कारण दुसऱ्यांदा ऐकताना उत्तराचा विचार करण्यास सवड मिळे.

राष्ट्रसंघाने हीच द्विभाषिक पद्धती स्वीकारली. एस्परांतो या कृत्रिम भाषेचा प्रश्न काही प्रतिनिधींनी तेथे उपस्थित केला. उपसरचिटणीस निटोबे इनाझो हे १९२१ मध्ये प्राग येथील एस्परांतो संमेलनास स्वतः जाऊन आले व त्यांनी अनुकूल अहवाल दिला. फ्रान्सच्या कडव्या विरोधामुळे ते प्रकरण तेथेच थांबले. परिस्थिती खरी बदलली ती आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत. तेथे सरकारांबरोबर मालक व कामगार यांचेही प्रतिनिधी बसत, आणि कारखान्यातून आलेल्या माणसाने फ्रेंच शिकून यावे अशी अपेक्षा धरता येत नव्हती. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेस भारतीय कामगारांच्या वतीने भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. त्यांना इंग्रजी अवगत होते म्हणून त्यांचे काम निभावले. परंतु मुंबईच्या ज्या गिरणीकामगारांविषयी तेथे बोलावयाचे होते, त्यांपैकी कोणी स्वतः गेला असता तर त्या सभागृहात तो मुकाच ठरला असता. या अडचणीतूनच कानाला यंत्र लावून भाषण चालू असतानाच भाषांतर ऐकविण्याचा प्रयोग १९२० नंतरच्या दशकात याच संघटनेने केला.

त्या यंत्राला प्रतिष्ठा मिळाली ती न्यूरेंबर्गच्या खटल्यात. २० नोव्हेंबर १९४५ पासून तेथे इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी कामकाज चाले. बोलणारा घाईने बोलू लागला की पिवळा दिवा लागे आणि थांबावयाचे असेल तर तांबडा. ही व्यवस्था बसविणारे लेओं दोस्तेर यांनी पुढे ती संयुक्त राष्ट्रसंघात आणली. जुन्या परंपरेच्या दुभाष्यांना ती रुचली नाही. दुभाषी हा सभागृहात उभा राहून बोलणारा विद्वान होता. तो काचेच्या खोलीत अदृश्य झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पहिल्या दुभाष्यांचे प्रमुख झां हेर्बेर हे या जुन्या पिढीचे प्रतिनिधी होत. रामकृष्ण, विवेकानंद व अरविंद यांचे साहित्य फ्रेंचमध्ये नेण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. १९४७ मध्ये आमसभेने तात्काळ भाषांतराची पद्धती कायम केली.

संयुक्त राष्ट्रसंघाची सनद २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्वाक्षरित झाली. तिच्या १११ व्या कलमानुसार चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी व स्पॅनिश हे पाच पाठ समप्रमाण आहेत. राज्यांच्या सार्वभौम समानतेचे तत्त्व येथे भाषांना लागू झाले, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात समानता पाच भाषांपुरतीच होती, आणि दैनंदिन कामासाठी इंग्रजी व फ्रेंच या दोनच 'कार्यभाषा' ठरल्या. स्पॅनिशला आमसभेत हा दर्जा १९४८ मध्ये मिळाला, रशियनला १९६८ मध्ये, चिनीला १९७३ मध्ये. अरबी ही सहावी भाषा त्याच वर्षी आली. पहिल्या तीन वर्षांचा खर्च अरब राष्ट्रांनी आपणाकडे घेतला होता. भाषेच्या समानतेस मोल पडते, आणि ते कोणी तरी द्यावे लागते, ही गोष्ट या ठरावात इतर कोठल्याहीपेक्षा उघडपणे सांगितलेली आहे. ज्या भाषेस स्थान नाही तिच्यातही बोलता येते, परंतु भाषांतराची सोय वक्त्याने स्वतः करावयाची असते. १९७४ मध्ये शेख मुजिबुर रहमान बंगालीत व १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी हिंदीत बोलले ते याच नियमाच्या आधारे. बहुतेक ठरावांचा मसुदा मात्र इंग्रजीतच जन्मास येतो व इतर पाच पाठ त्यावरून सिद्ध होतात. असे असता सहाही पाठ समप्रमाण मानावयाचे, ही एक विधिसंमत कल्पना होय.

या कल्पनेचे फलित नेहमीच निष्फळ असते असे नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमाचा आरंभ 'ऑल मेन' असा होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हरकत घेतली की, काही देशांत त्याचा अर्थ केवळ पुरुष असा केला जाईल. आणि तेथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' हे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला. फ्रेंच पाठातील पहिले कलमही तसेच झाले, परंतु फ्रेंच शीर्षकात 'ऑम्' हा शब्द, म्हणजे मनुष्य व पुरुष अशा दोन्ही अर्थांचा, आजही कायम आहे. त्याच कलमातील 'विवेकबुद्धी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दामागे चीनचे प्रतिनिधी चांग यांनी सुचविलेली 'रन्' ही कन्फ्यूशियसप्रणीत कल्पना होती. माणसाने दुसऱ्या माणसाचे भान ठेवणे असा तिचा आशय. इंग्रजीत तो एका जवळच्या शब्दावर भागविला गेला, आणि चिनी पाठात 'रन्' हा शब्द न येता 'ल्यांगशिन्' हा सदसद्विवेकवाचक शब्द आला. ज्या भाषेतून कल्पना निघाली त्याच भाषेत ती परत पोहोचली नाही.

याहून गंभीर उदाहरण सुरक्षा समितीच्या २४२ क्रमांकाच्या ठरावाचे. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने व्यापलेल्या भूमीसंबंधी हा ठराव २२ नोव्हेंबर १९६७ रोजी एकमताने संमत झाला. ब्रिटनचे लॉर्ड कॅराडन यांनी तो मांडला होता. त्यातील इंग्रजी वाक्यात 'टेरिटरीज' या शब्दापूर्वी निश्चयवाचक 'द' हे उपपद नाही; म्हणून व्यापलेल्या प्रदेशांपैकी काहींतून माघार घेतल्यासही अट पुरी होते, असा इस्रायलचा पक्ष. फ्रेंच पाठात 'दे तेरितॉर' असे शब्द आहेत. त्यातील 'दे' मध्ये निश्चयवाचक उपपद सामावलेले आहे, म्हणून 'त्या सर्व प्रदेशांतून' असा अर्थ निघतो, हे अरबांचे म्हणणे. रशियन पाठाचा उपयोग नव्हता, कारण रशियन भाषेत उपपदच नाही. मराठीतही नाही, 'व्यापलेल्या प्रदेशांतून' असे म्हटले की मराठी वाचकास हा वाद मुळी उद्भवतच नाही, आणि समजावून सांगितल्याखेरीज त्याचे महत्त्व पटत नाही.

ही चूक भाषांतरकाराची होती, असा समज काही वेळा आढळतो. तो टिकणारा नाही. मतदानापूर्वीच भारताचे प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी आपल्या देशाच्या समजुतीप्रमाणे ठरावाचा अर्थ सर्व प्रदेशांतून माघार असा आहे, असे सभागृहात नमूद केले होते. कॅराडन यांनी त्याचा स्वीकार केला नाही आणि इन्कारही केला नाही. ठराव काय तो स्वतःच बोलेल, इतकेच सांगितले. उपपदाचा अभाव हेतुपूर्वक होता. संदिग्धता दूर केली असती तर पंधरा मते मिळालीच नसती. एकमत झाले ते शब्दावर, अर्थावर नव्हे. आणि ज्यांची घरे त्या प्रदेशांत होती त्यांच्यापर्यंत ते एकमत कधी पोहोचले नाही.

दोन समप्रमाण पाठांत विरोध आल्यास काय करावे याचा नियम तहांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारात ३३ व्या कलमात आला. इतर उपायांनी भेद मिटत नसेल तर तहाचा हेतू व प्रयोजन ध्यानात घेऊन पाठांचा उत्तम मेळ घालणारा अर्थ स्वीकारावा, असे ते कलम सांगते. त्याची कसोटी लाग्रां बंधूंच्या प्रकरणात लागली. कार्ल व वाल्टर लाग्रां हे जर्मन नागरिक अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात देहान्त शिक्षेस पात्र ठरले होते. आपल्या वकिलातीची मदत घेण्याचा त्यांचा हक्क त्यांना वेळेवर सांगितला गेला नव्हता. कार्लला फेब्रुवारी १९९९ मध्ये मृत्युदंड दिला गेला. जर्मनीने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली. ३ मार्च १९९९ रोजी न्यायालयाने वाल्टरची शिक्षा निकालापर्यंत अमलात येऊ नये अशी तात्पुरती उपाययोजना फर्मावली. त्याच दिवशी त्याला ठार करण्यात आले. अशी उपाययोजना बंधनकारक नाही, अशी भूमिका अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी घेतली होती.

वाद न्यायालयाच्या संविधीतील ४१ व्या कलमाचा होता. त्याच्या इंग्रजी पाठात उपाय 'ऑट टु बी टेकन' असे आहे. म्हणजे घेतले जाणे उचित. फ्रेंच पाठात 'द्वाव्ह' हे क्रियापद आहे. म्हणजे घेतलेच पाहिजेत. मराठीतील 'घ्यावेत' आणि 'घेतलेच पाहिजेत' यांत जे अंतर, तेवढेच हे अंतर. कलमाचे मूळ १९२० मधील. ब्राझीलचे राउल फर्नांदेस यांच्या सूचनेतून ते निघाले, आणि तेव्हा 'आज्ञा करणे' हे फ्रेंच क्रियापद गाळून 'दर्शविणे' हे घेतले गेले होते, कारण आज्ञेची अंमलबजावणी करण्याचे साधन न्यायालयाजवळ नव्हते. २७ जून २००१ च्या निकालात न्यायालयाने या इतिहासाचा विचार केला आणि म्हटले की, साधन नसणे आणि बंधन नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संविधी ही सनदेचाच भाग असल्यामुळे तिचे पाठ समप्रमाण. म्हणून प्रयोजनाकडे पाहावयाचे. निकाल लागण्यापूर्वीच ज्याच्यासाठी वाद चालला आहे तो नष्ट होऊ नये, हे ते प्रयोजन. यास्तव तात्पुरते उपाय बंधनकारक आहेत. वाल्टर लाग्रां याला त्याचा काही उपयोग नव्हता.

उपयोग झाला तो पुढील अर्जदारांना. महाराष्ट्रातील कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७ मध्ये देहान्त शिक्षा सुनावली, तेव्हा भारताने त्याच न्यायालयाकडे, वकिलातीशी संपर्काच्या त्याच हक्काच्या आधारे अर्ज केला. हरीश साळवे यांनी बाजू मांडली. १८ मे २०१७ रोजी न्यायालयाने एकमताने आदेश दिला की, अंतिम निकालापर्यंत जाधव यांना मृत्युदंड दिला जाऊ नये. १९२० च्या एका फ्रेंच क्रियापदाने त्या आदेशाला जे बळ दिले होते, ते 'उचित' या इंग्रजी शब्दाने दिले नसते. १७ जुलै २०१९ च्या निकालाने पाकिस्तानने वकिलातीविषयीच्या कराराचा भंग केल्याचे ठरविले व शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा असे सांगितले.

या न्यायालयाच्या स्वतःच्या निकालांचे इंग्रजी व फ्रेंच असे दोन पाठ प्रसिद्ध होतात. ते समप्रमाण नसतात. संविधीच्या ३९ व्या कलमानुसार त्यांपैकी कोणता प्रमाण मानावयाचा हे न्यायालय प्रत्येक वेळी निकालाच्या अखेरीस लिहून ठेवते.