जुन्या नौकेचे मोल

कोजागिरीच्या रात्री भेडाघाटास जाऊन, संगमरवरी कड्यांमधून एकदा तरी नावेने फिरून आले नाही, असे मराठी कुटुंब जबलपुरात विरळाच. वल्ही मारता मारता नावाडी आपल्या यमकांच्या भाषेत एकेका खडकाची ओळख करून देतो, वडीलधारी मंडळी चंद्राकडे पाहत राहतात आणि मुलांच्या डोक्यात मात्र निराळेच काही चाललेले असते. ‘अशी एखादी जुनी नाव आपणच विकत घेतली तर?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. घरी परतेपर्यंत तो विरून जातो. आम्हांस मात्र तो तितकासा पोरकट वाटत नाही. बदलीवर निघालेल्या साहेबाचे कपाट अथवा जुनी सायकल घेऊन ज्यांनी या गावी संसार मांडले, त्यांच्या मुलांना जुनी नाव घ्यावीशी वाटली तर नवल ते काय! जुनी वस्तू कशी पारखावी, हे आपल्या मंडळींस चांगले ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की, ती पारख नौकेस कशी लावावी?

घरच्या माणसांसह जलविहारासाठी जुनी शिडाची नौका घेण्याची रीत जेथे चांगलीच रुजली, असा एक प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील केप कॉड. एकोणिसाव्या शतकात तेथील कोळ्यांनी ‘कॅटबोट’ या नावाची नौका नावारूपास आणली. ऑस्टरव्हिल गावातील क्रॉस्बी घराण्याच्या कारागिरांनी त्या बांधण्यात मोठाच लौकिक मिळविला. लांबीच्या मानाने ही नौका विलक्षण रुंद, जवळजवळ निम्म्याइतकी. एकच डोलकाठी आणि तीही अगदी पुढच्या टोकाशी. तिच्यावर एकच मोठे शीड. तळाच्या मध्यभागी वर-खाली करता येणारी एक फळी असते. खोल पाण्यात ती खाली सोडली की नौका वाऱ्याने आडवी सरकत नाही, आणि वर उचलली की गुडघाभर पाण्यातूनही वाट निघते. पुढे कोळ्यांनी इंजिनाच्या होड्या घेतल्या, तेव्हा या जुन्या नौका सुटी घालविणाऱ्या कुटुंबांकडे जाऊ लागल्या. ऐसपैस, उथळ पाण्यात चालणारी, एकट्या माणसास आवरता येणारी अशी नौका मुलाबाळांच्या घरास सोयीचीच. मात्र जाणता गिऱ्हाईक तिच्या रंगावर भुलत नाही. डोलकाठीचा बुंधा ज्या लाकडात रोवलेला असतो ते टोचून पाहतो, त्या फळीच्या खोबणीभोवती पाणी झिरपते का ते तपासतो, आणि मुख्य म्हणजे आपले पाणी कोणते व आपली माणसे किती, हे आधी स्वतःस विचारतो.

हीच कसोटी आपल्या देशातील एका फार मोठ्या खरेदीस लावून पाहण्याजोगी आहे. त्या कथेचा एक धागा आपल्याच प्रांतातील ग्वाल्हेरच्या मराठी राजघराण्यापर्यंत जातो.

इंग्लंडमधील बॅरो येथे १८९० साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज पाण्यात उतरले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने ते प्रशांत महासागरातून टपाल व प्रवासी नेण्यासाठी बांधून घेतले होते. सकल टनभार ५,९०५, वेग तासाला सोळा सागरी मैल. व्हँकुव्हर ते हाँगकाँग या मार्गावर ते तेवीस वर्षे राबले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ते घेतले आणि जखमी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय केले. नाव ठेवले ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा!

युद्ध संपले आणि जहाज विक्रीस निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद दिल्लीहून मुंबईस परतत असता आगगाडीत एका परिचित इंग्रज अभियंत्याकडून त्यांना ही बातमी कळली, असे सांगतात. पाणबुड्यांनी जगातली असंख्य जहाजे बुडविली होती. नवी मिळत नव्हती आणि जुन्यांना सोन्याचे मोल आले होते. वालचंद, नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद यांनी ते जहाज घेतले. मार्च १९१९ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि जहाजाच्या आधीच्या धन्यावरून तिचे नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ असे ठेवण्यात आले. ‘शिंदे’ या अस्सल मराठी आडनावाने इंग्रजी वेषात समुद्रपर्यटन केले ते असे. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. राजनिष्ठेच्या नावाचे जहाज स्वदेशी नौकानयनाचे अग्रदूत ठरावे, ही गंमत त्या काळी कोणाच्या ध्यानी आली असेल का, कोण जाणे. १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

स्मरणिकांतून आणि भाषणांतून ही कथा बहुधा येथेच थांबते. आम्हांस ती थोडी पुढे न्यावीशी वाटते. खरेदीच्या वेळी जहाजाचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. ते बांधले होते टपालाच्या वेगासाठी व श्रीमंत प्रवाशांच्या सुखासाठी. त्यास कोळसा फार लागे आणि मालासाठी जागा त्या मानाने थोडी. नव्या कंपनीस हवे होते ते नेमके याच्या उलट: कमी खर्चात भरपूर माल नेणारे गलबत. त्यातच १९२० नंतर जगभर वाहतुकीचे दर कोसळले. मार्च १९२१ मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईस नांगरून ठेवावी लागली आणि १९२३ च्या फेब्रुवारीत ती मोडीत विकली गेली. त्याच वर्षी लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश इंडिया कंपनीशी सिंदियास तह करावा लागला, व आपला पसारा किती वाढवावा यावर दहा वर्षांची मर्यादा मान्य करावी लागली.

तर मग हा सौदा चुकला म्हणावे काय? हिशेबाच्या वहीपुरते बोलायचे तर चुकलाच, आणि ते कबूल करण्यात वालचंदांचा कमीपणा नाही. परंतु नवे जहाज बांधून मिळेपर्यंत थांबायचे ठरविले असते, तर युद्धोत्तर तेजीची ती संधी कंपनीच्या हातून गेलीच असती. जहाज मोडीत गेले, कंपनी टिकली. १९४१ साली तिने विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी केली आणि १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेली ‘जल-उषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

अचूक जुळणीचेही एक उदाहरण आहे. आपल्या लष्कराच्या अभियंत्यांनी इंग्लंडात एक वापरलेली शिडाची नौका घेतली आणि तिचे नाव ‘तृष्णा’ ठेवले. लांबी अवघी सदतीस फूट. फिनलंडमधील कारखान्यात मोकळ्या महासागरासाठीच घडविलेली; लाकूड नव्हे, काचतंतूंचे अंग. कर्नल के. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली ती २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबईहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईस परतली. भारतीय नौकेची ही पहिलीच पृथ्वीप्रदक्षिणा. ‘लॉयल्टी’च्या तुलनेत ही केवळ होडीच, परंतु जे काम तिच्याकडून घ्यायचे होते, त्यासाठीच तिचा जन्म झाला होता.

आता आपल्या नर्मदेकडे वळू. भेडाघाटच्या त्या अरुंद, कड्यांनी वेढलेल्या डोहात ‘तृष्णा’ अगदीच निरुपयोगी ठरेल, आणि कॅटबोटीच्या शिडाला वाराही धड मिळायचा नाही. तेथे वल्ह्यांची साधी नाव आणि पाण्याचा ओघ ओळखणारा नावाडी हेच खरे. पावसाळ्यात नदी चढली की तेथील नौकाविहार बंद होतो. ज्या कोणास खरोखरच जुनी नाव घ्यायची असेल, त्याने चांदण्यात तिच्यात बसून भाव ठरवू नये. पाण्याबाहेर ओढून ठेवलेली असेल तेव्हा, दिवसाउजेडी, मुलांनाही बरोबर घेऊन, तिचा तळ टोचून पाहावा.