लोकलचं दार: १०० वर्षं चाललेली एक चाचणी

हा भाग लोकलमध्ये ऐकत असाल तर आधी एक काम करा. दारात उभे असाल तर दोन पावलं आत सरका. जागा नाहीये, माहितीये मला. मी डोंबिवलीचा आहे. तरी प्रयत्न करा, कारण आजची गोष्ट त्या दारापर्यंत येणार आहे.

माझं काम सॉफ्टवेअरचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक फीचर लिहिलं, आमच्या टीममधल्या दहा जणांच्या फोनवर चालवून बघितलं आणि सोडून दिलं. दहा जणांवर मस्त चाललं. हजारो लोक एकदम आल्यावर वीस मिनिटांत झोपलं. तेव्हा आमचे सीनियर शांतपणे म्हणाले, "तू ते चालतं का एवढंच बघितलंस. गर्दीत चालतं का हे कुठे बघितलंस?" मुंबईत नवी लोकल आली की मला हे वाक्य हमखास आठवतं.

सुरुवात करू ३ फेब्रुवारी १९२५ पासून. त्या दिवशी बॉम्बे व्हीटीहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेवरची प्रवासी गाडी निघाली, हार्बर मार्गावरून. चार डब्यांची गाडी. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी हिरवा झेंडा दाखवला. रेल्वे होती जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज. डबे आले होते इंग्लंड आणि जर्मनीतून.

वीज कशाला हवी होती? फक्त धुरासाठी नाही. वाफेचं इंजिन वेग घ्यायला वेळ लावतं, आणि लोकलला दर दोन-तीन किलोमीटरला थांबून पुन्हा पळायचं असतं. शेवटच्या स्टेशनवर इंजिन सोडवा, फिरवा, दुसऱ्या टोकाला जोडा, ही कसरत वेगळीच. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन. तो या टोकाकडून त्या टोकाला चालत गेला की गाडी परतीला तयार. तेवढ्याच रुळांवर जास्त गाड्या बसल्या. पुढे जानेवारी १९२८ मध्ये बीबी अँड सीआयनं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेनं, कुलाबा ते बोरिवली वीज आणली. उपनगरं वाढली ती या तारेखाली.

ती तार होती १५०० व्होल्ट डीसीची. त्या काळात ते आधुनिकच होतं. पण शाळेतलं सूत्र आठवा: शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज कमी असेल तर तेवढ्याच शक्तीला करंट जास्त लागतो. मग तांबं जाड हवं आणि सबस्टेशन जवळजवळ हवीत. चार डब्यांना ते पुरलं. नऊ झाले, बारा झाले, गाड्या तीन-चार मिनिटांवर आल्या, तेव्हा तार दमायला लागली. देशात १९५० च्या दशकाअखेरीपासून नवं विद्युतीकरण २५,००० व्होल्ट एसीवर होऊ लागलं होतं. तेवढ्याच शक्तीसाठी करंट जवळजवळ सतरापट कमी! मुंबई मात्र जुन्याच व्होल्टेजवर राहिली.

कारण साधं. मुंबई बंद ठेवून बदल करता येत नाही. सर्व्हर रविवारी पहाटे बंद ठेवता येतो, लोकल नाही.

मग काढलेला मार्ग मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. आधी गाड्या बदलल्या, मग तार. २००७ च्या शेवटी पांढऱ्या-जांभळ्या नव्या लोकल आल्या. सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या या गाड्या डीसी आणि एसी दोन्हींवर चालत होत्या. ब्रेक लावताना त्यांच्या मोटरी जनरेटरसारख्या फिरून वीज तारेला परत द्यायच्या. दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्या पुरेशा झाल्यावर तार टप्प्याटप्प्यानं बदलली. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये पूर्ण झाली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं काम २०१५ पर्यंत चाललं. सगळ्यात शेवटी हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल धावली, कुर्ला ते सीएसटी. म्हणजे १९२५ मध्ये डीसी जिथे सुरू झाली, ९१ वर्षांनी तिथेच संपली. फक्त गाडीची दिशा उलटी.

आता चाचणी. नवी गाडी आली की लगेच माणसं बसवत नाहीत. लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था ती गाडी तपासते. वेगात डबा किती हलतो, ब्रेक मारल्यावर किती अंतरात थांबते, तिच्या यंत्रणेतल्या विद्युत लहरी सिग्नलच्या सर्किटमध्ये ढवळाढवळ करतात का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. रुळावर गाडी आहे की नाही, हे रुळातूनच जाणाऱ्या करंटवरून सिग्नलला कळतं. तिथे गोंधळ झाला तर पुढचं बोलायला नको. मग रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. गंमत म्हणजे हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. ज्यानं बनवलं त्यानंच पास करायचं नाही, हे आमच्या धंद्यातही सगळ्यांना कळतं, पाळतात थोडे.

आणि गर्दीची चाचणी? सीटवर आणि फरशीवर वाळूच्या गोण्या. खऱ्याखुऱ्या. माणसांच्या वजनाएवढ्या गोण्या भरून गाडी पळवतात. रेल्वेच्या भाषेत आपल्या गर्दीला एक खास नाव आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. घरातली एक फरशी मोजून बघा आणि कल्पना करा.

आता दाराकडे येऊ. डीसी संपली त्याच एप्रिल २०१६ मध्ये चेन्नईच्या आयसीएफ कारखान्यातून पहिली एसी लोकल कुर्ला कारशेडमध्ये दाखल झाली. इथे एसी म्हणजे थंड हवेचा एसी बरं का! चाचण्या सुरू झाल्या आणि एक अडचण दिसली. गाडीची उंची मध्य रेल्वेवरच्या जुन्या, बुटक्या पुलांना झेपत नव्हती. शेवटी ती पश्चिम रेल्वेकडे गेली आणि २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवली ते चर्चगेट धावली. वीस महिने लागले. मध्य रेल्वेला एसी लोकल मिळाली जानेवारी २०२० मध्ये, ठाणे-पनवेल मार्गावर.

या गाडीत थंड हवेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दारं. ती आपोआप बंद होतात आणि बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. साध्या लोकलचं दार हातानं सरकवायचं असतं, आणि ते कायम उघडंच असतं.

ते बंद का नाही करत? बंद केलं तर त्या गर्दीत श्वास कुठून घेणार? आणि स्टेशनवर गाडी थांबते साधारण वीस-तीस सेकंद. एकाची बॅग अडकली, दार लागलं नाही, की मागच्या सगळ्या गाड्या रखडल्या. म्हणजे दाराचा प्रश्न हवेचा आहे आणि वेळापत्रकाचाही. पैशाचाही आहे. मे २०२२ मध्ये एसी लोकलच्या सुट्या तिकिटाचं भाडं निम्म्यावर आणलं, तेव्हा गर्दी वाढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याला प्रवासी रुळांवर उतरले. साध्या गाडीच्या जागी एसी गाडी नको, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याचा पास साधा आहे, त्याच्यासाठी ती एक गाडी कमीच झाली ना!

मी कॉलेजला असताना दारातच उभा राहायचो. आत जागा असली तरी. वारा, गाणी, आणि खरं सांगू, थोडी शान. बाबांनी तीस वर्षं हाच प्रवास केला, ते रोज एकच वाक्य बोलायचे, "आत उभा राहा रे." मी ऐकलं नाही.

९ जून २०२५, सोमवार सकाळ. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्याच दिवशी चार जण गेले. मी त्या मार्गावरच्या एका गाडीत होतो, कानात इयरफोन, मला काहीच माहीत नव्हतं. आईचे अकरा मिस्ड कॉल होते. फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "कुठे उभा आहेस?" कुठे आहेस नाही. कुठे उभा आहेस.

आत होतो, तेही योगायोगानं.

त्यानंतर रेल्वेनं जाहीर केलं की एसी नसलेल्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवणार. दारांना हवेसाठी झडपा, छतावरून आत हवा ओढायची सोय, आणि डबे एकमेकांना जोडलेले, म्हणजे गर्दी पुढेमागे पसरेल. कागदावर तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. पण मला माझं वीस मिनिटांत झोपलेलं फीचर आठवतं. वाळूची गोणी वजन दाखवते. ती श्वास घेत नाही, घामेजत नाही, दादरला उतरण्यासाठी कुर्ल्यापासून पुढे सरकत नाही. म्हणून ती गाडी आली आणि उशीर झाला तर मी शिव्या घालणार नाही. एप्रिलच्या दुपारी, भरलेल्या डब्यात, दारं बंद करून ती नीट तपासा. वीस महिने लागले तर लागू देत.

पण वीस वर्षं नकोत. कोविडची दोन वर्षं सोडली तर या शहरात लोकलच्या मार्गावर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. काही रूळ ओलांडताना, काही डब्यातून पडून. चाचणी लांबते तेव्हाही गाड्या चालूच असतात, उघड्या दारांनी. आमच्याकडे रिलीज पुढे ढकललं तर काही बिघडत नाही. इथे थांबण्याचीही किंमत आहे, आणि ती दारात उभा असलेला देतो.

तर मंडळी, भाग इथेच संपतो. तुमच्या घरात लोकलच्या दाराबद्दल कोण काय सांगायचं, ते आवाजी मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, अजून दारातच असाल तर... माझे बाबा म्हणतात तेच. आत उभे राहा.