सेरेंदिबचे घुबड : एका स्वराचा इतिहास

पक्ष्यांचा आधुनिक इतिहास मुख्यतः डोळ्यांनी आणि बंदुकीने लिहिला गेला. एकोणिसाव्या शतकात पक्षी दिसे, टिपला जाई, पेंढा भरलेले त्याचे कातडे संग्रहालयात पोचे आणि मग त्याला लॅटिन नाव मिळे. घनदाट अरण्यात रात्री वावरणारे जीव अशा इतिहासातून सहज निसटत. श्रीलंकेत १८६८ साली शीळकरी कस्तुराची एक जाती सापडली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ तेथे नवी पक्षिजाती सापडली नाही. यादी जणू पूर्ण झाली होती.

१९९५ साली पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक दीपल वारकागोडा यांनी कितुलगलाच्या वर्षावनात रात्री एक मृदू, आखूड स्वर ऐकला. तो ओळखीच्या कोणत्याही पक्ष्याचा नव्हता. त्या स्वराचा धनी दृष्टीस पडला तो २३ जानेवारी २००१ रोजी, सिंहराजाच्या अरण्यात : तांबूस तपकिरी रंगाचे, कानांवर तुरे नसलेले लहानसे घुबड. २००४ साली वारकागोडा आणि पामेला रासमुसेन यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळ्याचा पुनर्शोध लावणाऱ्यांत याच रासमुसेनबाई होत्या.

‘सेरेंदिब’ हे लंकेचे अरबी नाव. त्याच्याच एका रूपावरून होरेस वॉलपोलने १७५४ साली ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द घडवला. आज आपण त्याचा अर्थ केवळ सुखद योगायोग असा घेतो. वॉलपोलला मात्र योगायोगाबरोबर चाणाक्षताही अभिप्रेत होती. स्वर कानी पडणे हा योगायोग असेल. सहा वर्षे त्याचा माग न सोडणे हा खचितच नव्हे.

या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात, ओटस थिलोहॉफमनी, आणखी एक ऋण नोंदलेले आहे. १९७०च्या दशकात प्लायवुडसाठी सिंहराजात वृक्षतोड सुरू झाली, तेव्हा मूळचे स्विस असलेल्या थिलो हॉफमन यांनी तिच्याविरुद्ध आघाडी उघडली. १९७७ साली तोड थांबली. १९८८ साली त्या अरण्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे हे घुबड आहे, हे तेव्हा विज्ञानाला ठाऊक नव्हते. म्हणजे ज्याची नोंद नव्हती, तेही हॉफमन यांनी वाचवले होते.

साहित्येतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. आपल्याही सूचींत जे नाही, ते अस्तित्वातच नव्हते असे आपण फार लवकर मानतो. हे घुबड आजही संकटग्रस्त आहे आणि नैर्ऋत्य लंकेच्या तुकड्यातुकड्यांनी उरलेल्या वर्षावनांवर त्याचे जगणे अवलंबून आहे. यादी पुरी करण्याआधी अरण्य राखावे लागते, हाच क्रम या इतिहासातून दिसतो.